जुन्या शहरात परत जाताना जुन्या मित्रमैत्रिणींना कसे भेटावे?

प्रश्न : पाऊलखुणा

पुढच्या महिन्यात कामाच्या निमित्ताने मी चार दिवसांसाठी एका शहरात जाणार आहे. वयाच्या २३व्या वर्षापासून २९व्या वर्षापर्यंत मी तिथे राहिले आणि ते शहर सोडून आता १९ वर्षे झाली. मधल्या काळात तिकडे जाण्याचे दोनतीनदा ठरले आणि दर वेळी राहून गेले. या वेळी तिकीट हातात आहे. दोन संध्याकाळी आणि एक पूर्ण दिवस मोकळा आहे, आणि तो वेळ कोणाला आणि कसा द्यावा या विचाराने गेले काही दिवस मला स्वस्थता नाही.

तिथे आमचा सात जणांचा कंपू होता. सगळेच बाहेरून आलेले, पहिल्या नोकरीतले, घरापासून प्रथमच लांब राहणारे. आजारपणात एकमेकांच्या उशाशी बसलो, महिनाअखेरीस एकमेकांकडून उसने घेतले, एकमेकांची प्रेमप्रकरणे आणि त्यांचे शेवट पाहिले. आज त्यांतले चौघे त्याच शहरात आहेत, एक जण परदेशी गेला आहे आणि एक जण चार वर्षांपूर्वी वारला. त्याची बातमी कळली तेव्हा मी केवळ एक मेसेज पाठवला, गेले नाही, आणि हे मला अजून सलते. मध्यंतरी कोणीतरी व्हॉट्सॲपवर आमचा ग्रुप काढला होता. पहिला आठवडा रात्री जागवून गप्पा झाल्या, जुने फोटो निघाले, पुढे वाढदिवसांच्या शुभेच्छा उरल्या आणि आता कित्येक महिने तिथे कोणी काही लिहिलेले नाही.

खरी अडचण माझ्या खोलीतल्या मैत्रिणीची आहे. आम्ही पाच वर्षे एकत्र राहिलो. दुसऱ्या शहरातली नोकरी मला मिळाली तेव्हा तिला एकटीला ते घर परवडणार नाही हे मला ठाऊक होते, आणि ते सांगण्याचे धाडस न झाल्यामुळे मी ती गोष्ट तीन आठवडे तिच्यापासून लपवून ठेवली आणि निघण्याच्या दोन दिवस आधी सांगितली. ती भांडली नाही. फक्त निरोप द्यायला स्टेशनवर आली नाही, आणि त्यानंतर आमच्यात जो अबोला झाला तो आजवर टिकला आहे. घरखर्चाची वही मात्र माझ्या सामानात आली. एक ओळ तिच्या अक्षरात, एक माझ्या, अशी ती भरलेली आहे, आणि शेवटच्या पानावर तिने माझ्या नावापुढे लिहिलेली बाकी मी कधी फेडली नाही.

सगळ्यांना एकाच संध्याकाळी बोलवावे की वेगवेगळे भेटावे? जिच्याशी मी चुकीचे वागले तिला १९ वर्षांनी कळवणे योग्य होईल, की मी केवळ माझ्या मनाचे ओझे तिच्या दारात नेऊन ठेवीन? आणि समोरासमोर बसल्यावर बोलायला काहीच उरले नाही असे झाले, तर काय करावे? ज्यांनी अशी भेट अनुभवली आहे त्यांनी कृपया लिहावे.

प्रतिसाद : दिवेलागण

तुमचा प्रश्न वाचून माझी स्वतःची भेट आठवली, म्हणून सविस्तर लिहितो. मी १६ वर्षांनी जुन्या शहरात गेलो तेव्हा माझ्याकडेही वेळ कमी होता आणि सगळ्यांना एकदम भेटून घेणे मला सोयीचे वाटले. एका संध्याकाळी आम्ही ११ जण जमलो. लांबलचक टेबलाच्या मधोमध मला बसवले होते. पहिला अर्धा तास मिठ्या मारण्यात आणि एकमेकांच्या केसांकडे नि पोटाकडे बघण्यात आनंदात गेला. मग एका टोकाला मुलांच्या शिक्षणाचा विषय निघाला, दुसऱ्या टोकाला घराच्या कर्जाचा, आणि मी मध्ये बसून दोन्हीकडे अर्धा अर्धा कान देत राहिलो. अधूनमधून कोणीतरी सर्वांचे लक्ष वेधून एखादा जुना किस्सा सांगत असे, तो सगळ्यांना पाठ असे आणि सगळे हसत. रात्री मुक्कामाच्या खोलीवर परतल्यावर माझ्या लक्षात आले की या ११ जणांपैकी एकाचेही सध्या कसे चालले आहे, हे मला सांगता आले नसते.

यात कोणाचा दोष नव्हता. माणसांच्या समूहांचा अभ्यास करणारे ब्रिटिश शास्त्रज्ञ रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये सहज जमलेल्या लोकांच्या बोलण्याचे निरीक्षण प्रसिद्ध केले होते. त्यात असे दिसले की एक संभाषण साधारण चार माणसांपर्यंत एकसंध राहते आणि त्याहून माणसे वाढली की ते आपोआप फुटते. मोठ्या टेबलावर बसलेली माणसे तुटक वागतात असे आपल्याला वाटते, पण तिथे दुसरे काही घडण्यासारखे नसतेच.

त्या रात्री मला सर्वांत जास्त लागले ते माझ्या सर्वांत जवळच्या मित्राचे वागणे. मी त्याच्या उजव्या हाताला बसलो होतो. मी काही बोललो की तो मान हलवी, ओझरते हसे आणि दुसरीकडे पाहू लागे. आपल्यात आता काही राहिले नाही, अशी मी मनाची समजूत घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मला भेटायला आला आणि आम्ही जुन्या सवयीने नदीच्या पुलापर्यंत चालत निघालो. चालता चालता मी दोनदा त्याच्या उजव्या बाजूला आलो आणि दोन्ही वेळा तो माझ्या पाठीमागून वळसा घेऊन पलीकडे गेला. तिसऱ्यांदा तसेच झाले तेव्हा मी थांबून विचारले. त्याच्या उजव्या कानाची श्रवणशक्ती सहा वर्षांपूर्वी गेली होती. आदल्या रात्री माझे एक वाक्यही त्याच्यापर्यंत पोहोचले नव्हते, आणि ११ जणांसमोर ते सांगणे त्याला जड गेले होते. त्या पुलावर आम्ही दीड तास उभे होतो. निघताना माझा पाय निघत नव्हता.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की आधी एकेकाला किंवा दोघादोघांना भेटा, आणि शक्यतो बसून भेटण्यापेक्षा चालत भेटा. शेजारी शेजारी चालताना सतत एकमेकांच्या डोळ्यांत पाहावे लागत नाही, मध्येच गप्प झाले तरी ओशाळल्यासारखे वाटत नाही, आणि बोलण्याचा विषय आटला तर रस्ता नवा विषय पुरवतो. सगळ्यांनी एकत्र जमायचे असेल तर ते शेवटच्या संध्याकाळी ठेवा. तोपर्यंत प्रत्येकाची आजची खबरबात तुम्हाला ठाऊक झालेली असेल आणि मग त्या गोंगाटाचाही आनंद घेता येईल.

प्रतिसाद : संथवाहिनी

मी मानसशास्त्र शिकवते. वरच्या प्रतिसादाशी मी सहमत आहे, आणि तुमच्या अस्वस्थतेविषयी थोडे लिहावेसे वाटते.

चाळिशी ओलांडलेल्या माणसांना आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावल्या, तर त्यांत वयाच्या साधारण १० ते ३० या वर्षांतल्या आठवणींची संख्या इतर काळाच्या मानाने बरीच जास्त भरते. आलेख काढला तर त्या जागी एक उंचवटा दिसतो. त्याची कारणे एकाहून अधिक मानली जातात. पहिली कमाई, पहिले स्वतंत्र घर, पहिला मोठा अपमान अशा पहिलेपणाच्या घटना त्या काळात दाटीने येतात, आणि आपण कोण आहोत हेही त्याच काळात ठरत असते. तुमची ती सहा वर्षे या उंचवट्यावरच येतात. त्या मित्रांकडे तुमच्या घडण्याची साक्ष आहे, म्हणून त्यांना भेटण्याची भीती वाटते आणि ओढही वाटते. या ओढीला एके काळी आजार समजत असत. योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेल येथील आपल्या प्रबंधात घरापासून दूर राहणाऱ्यांच्या या व्याधीसाठी घरी परतणे आणि वेदना या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द घडवला होता.

दुसरी गोष्ट तुमच्या आठवणींच्या खरेपणाची. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्येच दाखवून दिले की आठवणे म्हणजे जपून ठेवलेले चित्र बाहेर काढणे नव्हे. आपण दर वेळी ते चित्र नव्याने जुळवतो आणि जुळवताना आजच्या समजुतीप्रमाणे त्यात बदल करतो. त्यामुळे एकाच प्रसंगाविषयी तुम्ही सहा जण सहा गोष्टी सांगाल आणि सगळे प्रामाणिक असाल. कोणी म्हणाले की ती रात्र पावसाची नव्हती, किंवा तू तिथे नव्हतीसच, तर खोडून काढण्याची घाई करू नका. त्याला काय आठवते ते पुरते ऐकून घ्या, कारण तुमच्या आयुष्याचा तेवढा तुकडा फक्त त्याच्याकडे आहे. आणि एक बारीक मुद्दा. मेरी सुझन वेल्डन आणि क्रिस्टल बेलिंजर यांच्या १९९७ च्या प्रयोगात असे आढळले की एकत्र बसून आठवणाऱ्या गटाला जितके आठवते, त्यापेक्षा तितक्याच माणसांनी वेगवेगळे बसून आठवलेल्या गोष्टींची बेरीज जास्त भरते. दुसऱ्याचे बोलणे ऐकताना आपल्या आठवणीचा धागा तुटतो. मोठ्या बैठकीत तेच चार किस्से का फिरत राहतात, याचे एक कारण इथे असावे असे मला वाटते.

माझी एक सूचना आहे, जी कदाचित कोणी करणार नाही : पहिल्या सकाळी एकट्याने जा. जुने घर, कामावर जाण्याचा रस्ता, बस जिथे पकडायचात तो थांबा, एवढे पाहून या. जागा आणि स्मृती यांचे नाते मेंदूतही जवळचे आहे. एखाद्या ठराविक जागी गेल्यावरच जाग्या होणाऱ्या पेशी जॉन ओकीफ यांना १९७१ मध्ये उंदरांच्या मेंदूत सापडल्या, त्यासाठी त्यांना २०१४ मध्ये नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला, आणि मेंदूच्या ज्या भागात या पेशी असतात तो प्रसंगांच्या आठवणींशीही निगडित आहे. वळणावर पोहोचल्यावर तुम्हाला असे काही आठवेल जे इथे बसून आठवणार नाही. काही जागा नाहीशा झालेल्या असतील आणि वाईट वाटेल. ते वाईट वाटणे एकटीने आटोपून घेतलेले बरे, म्हणजे मित्रांसमोर बसताना त्यांच्याकडे पाहायला मन मोकळे राहील.

‘बोलायला काही उरले नाही तर’ या भीतीबद्दल थोडक्यात. जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार नुसत्या ओळखीची मैत्री व्हायला साधारण ५० तास, आणि जिवलग मैत्री व्हायला २०० तासांहून अधिक सहवास लागतो. पाच वर्षे एका घरात राहिलेल्या दोघींनी तो पल्ला पहिल्या काही महिन्यांतच ओलांडला असणार. दोन संध्याकाळींत तुम्हाला मैत्री नव्याने जोडायची नाही, विचारपूस करायची आहे.

प्रतिसाद : मुक्कामी

वरचे दोन्ही प्रतिसाद परत जाणाऱ्यांच्या बाजूने आले आहेत. मी शहरात मागे राहिलेला माणूस आहे. आमच्या कंपूतले बहुतेक जण निघून गेले आणि दर एकदोन वर्षांनी कोणी ना कोणी येते, तेव्हा या बाजूने काय दिसते तेही सांगतो.

येणाऱ्याला चार दिवसांची सवड असते. आमचा तो कामाचा मंगळवार असतो. मुलाची परीक्षा असते, घरात कोणाला डॉक्टरकडे न्यायचे असते, आणि फोन येतो की उद्या संध्याकाळी भेटू या का. नाही म्हणावे तर वर्षानुवर्षांचा मित्र दुखावतो, हो म्हणावे तर घरचे. तेव्हा किमान तीन आठवडे आधी कळवा. ‘कधी जमेल ते बघू’ असे न म्हणता दिवस, वेळ आणि जागा तुम्हीच सुचवा, आणि ज्याला जमणार नाही त्याने कारण आपणहून सांगितले नाही तर खोदून विचारू नका. सगळ्यांना जमवण्याची जबाबदारी इथल्या एकावर टाकू नका. ती दर वेळी त्याच माणसावर पडते, आणि आमच्यात तो मीच आहे.

दुसरे, आमचे शहर तुमच्या आठवणींसाठी थांबून राहिलेले नाही. ‘तो कोपरा पाडला? अरेरे’ असे कोणी हळहळून म्हणाले की मला काय उत्तर द्यावे ते कळत नाही. तो कोपरा पडला म्हणून माझी आई आज रस्ता निर्धास्तपणे ओलांडते. तुम्ही गेल्यानंतरची १९ वर्षे इथे घडली आहेत, तीही विचारा. मला सर्वांत आवडलेला पाहुणा तो, ज्याने आल्याबरोबर म्हटले, “तू आता कुठे रमतोस ते दाखव.” मी त्याला माझ्या घरामागच्या टेकडीवर नेले, जी आमच्या तरुणपणी आम्ही कधी पाहिलीही नव्हती. ती सकाळ आता आम्हा दोघांची नवी आठवण झाली आहे.

आणि एक गोष्ट बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. एकाच शहरात राहणारे आम्हीही एकमेकांना भेटत नाही. अंतर अर्ध्या तासाचे असते आणि वर्षे निघून जातात, कारण कधीही भेटता येईल असे दोघांनाही वाटत असते. तुमचे चौघे मित्र तुम्ही येणार म्हणून कदाचित तीनचार वर्षांनी समोरासमोर येतील. आपण त्यांच्या कामात व्यत्यय आणतो आहोत असा संकोच तुमच्या मनात असेल, तर तो काढून टाका.

प्रतिसाद : उत्तररात्र

खोलीतल्या मैत्रिणीविषयी आणि वारलेल्या मित्राविषयी कोणी लिहिलेले नाही, म्हणून तेवढ्यापुरते लिहिते.

मैत्रिणीला कळवा. अशा वेळी हात मागे का येतो यावर लारा अकनिन आणि गिलियन सँडस्ट्रॉम यांनी २०२४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचा संपर्क तुटला आहे अशा मित्राला लिहावेसे वाटते असे लोकांनी सांगितले, त्यांना निरोप लिहायला वेळ दिला, पत्ताही हाताशी होता, तरी एकतृतीयांशाहून कमी जणांनी तो प्रत्यक्ष पाठवला. अनोळखी माणसाशी बोलायला जितके अवघड वाटते, साधारण तितकेच जुन्या मित्राशी पुन्हा बोलायला वाटते, असेही त्यांना आढळले. दुसऱ्या बाजूला पेगी लियू आणि सहकाऱ्यांचा २०२२ मध्ये प्रकाशात आलेला अभ्यास सांगतो की आपण अचानक केलेल्या विचारपुशीचे समोरच्याला किती अप्रूप वाटेल, याचा अंदाज आपण सहसा कमी बांधतो. तुमच्या दोघींत अढी आहे, त्यामुळे हे निष्कर्ष जसेच्या तसे तुम्हाला लागू होतील असे मी म्हणणार नाही. पण ‘तिला नकोच असेल’ हे तुमच्या मनाचे भाकीत आहे. तिचे म्हणणे तुम्ही अजून ऐकलेलेच नाही.

तुम्ही विचारले आहे की आपण आपले ओझे तिच्या दारात ठेवू का. ते निरोप कसा लिहिता यावर ठरेल. ‘मला माफ केलेस असे सांग’ असे लिहिलेत तर तिला काम लावलेत. तुम्ही काय केलेत ते एका वाक्यात, कारणे न देता लिहा. तुम्ही ते तीन आठवडे लपवलेत आणि त्याची झळ तिला बसली, एवढे पुरे आहे. मग कोणत्या तारखांना येणार आहात ते लिहा, आणि तिने उत्तर दिले नाही तरी तुम्हाला समजेल, हेही. ग्रुपवर लिहू नका आणि मध्यस्थ घालू नका, नाहीतर तिला चौघांदेखत तोंडदेखले हो म्हणावे लागेल. उत्तर आले नाही तर पुन्हा लिहू नका. माझ्या एका मैत्रिणीने मला उत्तर दिले नाही, आणि तो तिचा अधिकार आहे हे मानायला मला बराच काळ लागला. तरीही लिहिल्याचा पश्चात्ताप मला एक दिवसही झाला नाही.

जो मित्र गेला, त्याच्या घरी अवश्य जा. चार वर्षांनी काय तोंडाने जायचे असे वाटेल. पण सुरुवातीच्या दिवसांत त्या घरात माणसांची रीघ लागलेली असते आणि पुढे कोणी त्याचे नाव काढत नाही. शिवाय त्याची २५व्या वर्षाची गोष्ट त्याच्या बायकोमुलांकडे नसते, ती तुमच्याकडे आहे. माझा भाऊ गेल्यानंतर तीन वर्षांनी त्याचा एक जुना सहकारी आमच्याकडे आला आणि त्याने सांगितले की माझा भाऊ रात्रपाळीत टेबलावर ताल धरून गात असे. आम्ही घरच्यांनी त्याला कधी गुणगुणतानाही ऐकले नव्हते. त्या दिवसापासून माझ्या आईला तो गाताना दिसतो. सांत्वनाचे शब्द शोधत बसू नका. एखादा फोटो आणि एखादी घडलेली गोष्ट न्या, ती जशी घडली तशी सांगा, आणि त्याच्या मुलांनी विचारले तर पुन्हा सांगा.

पाऊलखुणा

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत म्हणून परत आल्यावर कळवते आहे. तीन आठवडे आधी प्रत्येकाला वेगळा निरोप पाठवला, दिवस आणि वेळ मीच सुचवली. पहिल्या सकाळी एकटी हिंडले. आमची इमारत आहे, पण जिन्याचे तोंड आता दुसऱ्या बाजूने आहे, आणि माझे पाय सवयीने जुन्या जागेकडे वळले तेव्हा समोर भिंत होती. तिथे उभी असताना मला अचानक आठवले की पहिल्या पगाराच्या दिवशी आम्ही दोघी त्याच पायऱ्यांवर बसून वहीचे पहिले पान आखले होते. हे मी पूर्ण विसरले होते.

गेलेल्या मित्राच्या घरी मी दोन तास होते. त्याची मुलगी आता १७ वर्षांची आहे. त्याने आमच्या घराचे कुलूप चुकून दुसऱ्याच मजल्यावर जाऊन अर्धा तास उघडण्याचा प्रयत्न केला होता आणि त्या घरच्यांनीच त्याला पाणी दिले होते, ही गोष्ट तिने माझ्याकडून दोनदा वदवून घेतली. दुसऱ्या वेळी तिने ती फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवली. त्याची पत्नी फारसे बोलली नाही. मी निघाले तेव्हा मात्र तिने गल्लीच्या तोंडापर्यंत सोबत केली आणि पुन्हा येण्यास सांगितले. शेवटच्या संध्याकाळी बाकीच्या तिघांसोबत बसणे झाले. मुक्कामी यांनी लिहिले होते तसेच निघाले, ते तिघे आपसांत साडेतीन वर्षांनी भेटत होते, आणि बराच वेळ मी नुसती ऐकत बसले होते.

मैत्रिणीचे उत्तर ११ दिवसांनी आले. त्यात फक्त एक दिवस आणि वेळ होती, मी लिहिलेल्या कबुलीच्या वाक्याविषयी एक अक्षरही नव्हते. आम्ही तळ्याभोवती चालत राहिलो. पहिल्या फेरीत ती तिच्या कामाविषयी बोलली, जणू आम्ही परवाच भेटलो होतो. दुसऱ्या फेरीत तिने सांगितले की मी गेल्यावर ते घर तिने सात महिने एकटीने चालवले आणि त्यासाठी शनिवार-रविवारी दुसरे काम धरले. मी मध्ये काही बोलले नाही. तिला ते सांगायचे होते आणि मला ते ऐकायचे होते, एवढेच तेव्हा मला कळले. मग बाकावर बसून मी वही काढली. ती पाने उलटत गेली, एका जागी आपल्याच अक्षरातली ‘दिव्याची वात’ ही नोंद वाचून थांबली, कारण तेव्हा आठवडाभर वीज नव्हती आणि तो आठवडा आम्ही कंदिलावर काढला होता. शेवटचे पान आले तेव्हा तिने ते पाहिले आणि काहीच न बोलता पुन्हा पहिल्या पानाकडे वळली.

बाकी फेडायची आहे असे मी म्हटले. ती म्हणाली, “ते राहू दे आत्ता. उद्या किती वाजता निघणार आहेस?” मी गाडीची वेळ सांगितली. त्या वेळी ती कामावर असणार हे आम्हा दोघींना ठाऊक होते, तरी तिने पर्समधून पेन काढले आणि वहीच्या मागच्या कोऱ्या पानावर ती वेळ लिहून घेतली. वही तिने परत दिली नाही.